बाळगोळी आणि भोंगा

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाचं 'लेबर गॅझेट' नावाचं मासिक 1921 पासून निघत असे. त्याच्या 1922 च्या सप्टेंबरच्या अंकात डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल आहे. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची स्थिती पाहण्यासाठी सरकारनं त्यांना नेमलं होतं. अहवालाचा विषय बाळंतपणाची रजा आणि भत्ता. पण त्यातलं एक वाक्य पुढं सगळीकडे उद्धृत झालं. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी 98 टक्के मुलांना अफू दिली जाते, असं त्या वाक्यात म्हटलं आहे.

मी हा अहवाल शोधत गेलो तो वेगळ्याच कारणानं. गिरणगावातली माणसं किती वेळ झोपत होती, कुठं झोपत होती, आणि झोप आली नाही तर काय करत होती, एवढंच मला पाहायचं होतं. आपल्याकडे आरोग्याचा इतिहास लिहिला गेला तो प्लेगचा, पटकीचा, देवीचा. झोपेचा इतिहास कुणी फारसा लिहिलेला नाही, आणि त्याला कारणही आहे. न झोपलेल्या माणसाची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. झोपेमुळं उत्पादन अडलं किंवा माणूस मेला, तरच ती कागदावर येते. गिरणगावात या दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून थोडा कागद शिल्लक आहे.

आधी बाळगोळीबद्दल. पुष्कळ जण बाळगुटी आणि बाळगोळी यांची गल्लत करतात. गुटी म्हणजे सहाणेवर उगाळलेली मात्रा. हिरडा, मुरडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ, काकडशिंगी यांचे ठरावीक वेढे आईच्या दुधात देत. जायफळाचा वेढा एखादा जास्त झाला तर मूल जरा जास्त झोपे, हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असे. गोळी ही बाजारातली. ती तयार मिळे, आणि तिच्यात अफू असे. माझ्या लहानपणी, म्हणजे 1960 नंतरच्या दशकात, आमच्या लालबागच्या चाळीतल्या वयस्कर बायका तिच्याबद्दल बोलत तेव्हा आवाज खाली करत नसत. 'गोळी देऊन निजवायचं नि कामावर जायचं', हे त्या 'भात लावून जायचं' या चालीवर सांगत. माझ्या आजीच्या तोंडी 'गुंगी लावणं' असा शब्दप्रयोग होता, आणि तो मुलाच्या बाबतीत वापरलेला मी ऐकला आहे.

ही रीत फार प्राचीन असल्याचं मानलं जातं, पण वैद्यकाच्या ग्रंथांतून तसं दिसत नाही. चरकानं आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीनं निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटलं आहे, म्हणजे मुख्य खांबाला दिलेला टेकू. पण त्याच्या औषधांत अफू नाही. 'अहिफेन' या नावानं ती येते शार्ङ्गधर संहितेच्या काळात, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास. मग ती दुखण्यावर, हगवणीवर वापरली जाऊ लागली. लहान मुलांना ती देण्याची चालही गिरण्यांच्या आधीची आहे. लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखालच्या अफू आयोगापुढं 1893 ते 1895 या काळात ज्या साक्षी झाल्या, त्यांत पश्चिम हिंदुस्थानात तान्ह्या मुलांना अफू देतात हे पुन्हा पुन्हा आलं आहे. दात येताना, हगवण लागली तर, थंडीत. गिरणीनं ही चाल निर्माण केली नाही. अधूनमधून देण्याचं औषध तिनं रोजचं करून टाकलं, आणि त्याची वेळ बांधून दिली.

ती वेळ कशी बांधली गेली, ते तान्ह्या मुलाच्या झोपेवरून कळतं. नवजात मूल चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. भूक लागली की उठतं, पिऊन पुन्हा झोपतं. त्याला दिवस आणि रात्र असा भेदच नसतो. शरीरातलं घड्याळ उजेडाशी जुळायला पहिले दोन-चार महिने जावे लागतात. आता दुसरीकडे आईचं घड्याळ पाहा. 1891 च्या फॅक्टरी कायद्यानं बाईचा कामाचा दिवस 11 तासांवर आणला. ही सुधारणा होती, हे लक्षात घ्या. त्याच्या आधी पाण्यासाठी नळावर रांग, स्वयंपाक. त्याच्यानंतर पुन्हा तेच. वाइंडिंग किंवा रीळ खात्यात काम उक्तं, जेवढं करील तेवढा पैसा. मधे घरी येऊन मुलाला पाजून जाणं फार थोड्या जणींना जमे. मूल राही शेजारच्या एखाद्या थकलेल्या म्हातारीकडे, आणि तिच्याकडे अशी आणखी दोन-तीन मुलं असत. तुकड्यातुकड्यांनी झोपणारं मूल आणि सलग 11 तास उभी असणारी आई, यांच्यामध्ये अफूची गोळी बसत होती.

ती काय करायची, हे औषधशास्त्राच्या भाषेत सांगायला सोपं आहे. अफू श्वास मंद करते, आतडी मंद करते, आणि भूक मारते. अफूवर असलेलं मूल गुणी दिसतं. रडत नाही, मागत नाही. उपाशी असलं तरी मागत नाही, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, मग तेवढ्याच गोळीनं भागत नाही. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर मूल किंचाळून रडतं, त्याचं नाक गळतं, पोटात कळा येतात. आई किंवा सांभाळणारी बाई म्हणते, बघा, गोळीशिवाय याला झोपच लागत नाही. गोळीनंच उभी केलेली अडचण गोळीची गरज म्हणून दिसू लागते. मोठ्या माणसांच्या झोपेच्या गोळ्यांबद्दल आजचे डॉक्टर हीच तक्रार करतात.

किती मुलं यात गेली? आकडा काढता येत नाही, आणि जे काढतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. त्या काळातला मुंबईचा बालमृत्यूचा दर वाचून छाती दडपते. 1921 मध्ये हजार जन्मांमागं सहाशेच्या वर मुलं वर्षाच्या आत गेल्याचं महापालिकेच्या नोंदी सांगतात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा दर त्याहूनही वर होता. पण हा आकडा जपून वाचायला हवा. कोकणातली, घाटावरची बाई पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणाला गावी जाई. जन्माची नोंद रत्नागिरीत किंवा साताऱ्यात होई, किंवा कुठंच होत नसे. मूल घेऊन ती परत आली आणि ते इथं दगावलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. भागाकारातला खालचा आकडा लहान, वरचा मोठा. तरीही ही सगळी सूट देऊन उरतो तो दर भीषणच आहे. त्यातलं हगवणीनं किती गेलं, देवीनं किती, आणि झोपेत किती, हे वेगळं काढणं त्या वेळच्या मृत्यूच्या दाखल्यांवरून शक्य नाही.

इंग्लंडमध्येही हेच झालं होतं, आणि तेही कापडाच्याच गिरण्यांच्या गावांत. मँचेस्टरकडं 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूचं गोड पाणी मुलांना पाजत. एंगल्सनं 1845 च्या आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला आहे. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' होतं, त्यात मॉर्फिन. बाटलीत काय आहे ते लेबलावर लिहायला लावणारा कायदा तिथं 1906 मध्ये झाला, तेव्हा आयांना कळलं की आपण काय पाजतो आहोत. लालबाग-परळच्या आयांना ते आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच त्या काळच्या वैद्यकीय लेखनात 'अज्ञानी माता' हा शब्द वारंवार भेटतो तेव्हा मला तो पटत नाही. अज्ञान कशाचं? 11 तासांत मूल किती वेळा रडतं याचं अज्ञान तिला नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथं नोंदवायला हवी, कारण ती मुंबईच्याच गोष्टीचा भाग आहे. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. या व्यापारावर शहर कसं उभं राहिलं, हे अमर फारूकी यांनी 2006 च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. ससून घराण्यासारखी काही घराणी अफूच्या व्यापारातही होती आणि पुढं गिरण्यांतही. देशातल्या देशात अफू विकली जाई ती सरकारी परवान्याच्या दुकानात, आणि अबकारी उत्पन्न सरकारच्या तिजोरीत. एकाच सरकारचं एक खातं ती गोळी विकायला परवाना देत होतं आणि दुसरं खातं तिच्यावर अहवाल लिहून घेत होतं.

अहवालाचं पुढं काय झालं? ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मग 1928 मध्ये रा. सं. आसवले यांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. त्यावर त्या वर्षी जुलैमध्ये डॉ. आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा काही भार सरकारनंही उचलायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. 1929 मध्ये कायदा झाला. मुंबई शहरात दिवसाला 8 आणे, आणि तेही काही आठवडेच. मूल दोन महिन्यांचं होण्याआधीच आई साच्यावर परत. ज्या वयात मुलाची रात्र नुकती रात्र होऊ लागते, नेमक्या त्याच वयात. कायद्यानं गोळी थांबवली नाही, तिचा पहिला दिवस थोडा पुढं ढकलला.

पण सरकारी अफूबंदीपेक्षा याच मार्गानं काही साधलं, असं मला वाटतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली. 1934 च्या कायद्यानं प्रांतिक सरकारांना तशी सक्ती करता येऊ लागली, आणि 1948 च्या कायद्यानं 50 हून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर बंधनकारक झालं. 1976 मध्ये हा आकडा 30 वर आला. आता याची दुसरी बाजू. बाई ठेवली की भत्ता द्यायचा, पाळणाघर काढायचं, आणि रात्री तिला कामावर बोलावता येत नाही. 1930 नंतर मुंबईच्या गिरण्यांत रातपाळी पसरू लागली आणि बायका हळूहळू खात्यांतून दिसेनाशा झाल्या. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढच्या पिढीत तो नावापुरता उरला. बाळगोळी कमी झाली त्यात सुधारणेचा वाटा किती आणि बाईची नोकरी जाण्याचा किती, हा हिशेब मला आजही सुटलेला नाही.

इथून मोठ्यांच्या झोपेकडे यावं लागतं, कारण रातपाळी आली ती पुरुषांच्या वाट्याला.

आरंभी गिरणीचा दिवस सूर्याचा होता. उजाडल्यावर सुरू, मावळल्यावर बंद. उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या केल्या, त्यांत सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, दुपारी अर्धा तास विसावा आणि रविवारची पूर्ण सुट्टी या होत्या. आठवड्याची सुट्टी गिरणीमालकांनी 10 जून 1890 ला मान्य केली. या मागण्या आपण कामगार चळवळीच्या इतिहासात वाचतो. त्या झोपेच्या मागण्या म्हणूनही वाचता येतात. माणसाचं अंग दुखतं तेव्हा तो पगार मागतोच, पण लोखंडे यांच्या यादीत वेळ पगाराच्या बरोबरीनं आहे.

विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची अट गळून पडली. 1905 च्या सुमारास मुंबईतल्या अनेक गिरण्यांत काम 14-15 तासांवर गेलं, आणि त्या वर्षी त्यावरून कामगारांनी असंतोष आणि संपही केले. मग चौकशी बसली. 1908 च्या आयोगाच्या अहवालातला एक भाग मला फार बोलका वाटतो. मालकांची तक्रार होती की मजूर साच्यावर राहत नाहीत. आवारात हिंडतात, तंबाखू ओढतात, पडून राहतात, त्यासाठी माणसं जास्तीची ठेवावी लागतात. आयोगानंही हे पाहिलं, आणि एवढ्या लांब दिवसात सलग काम कुणाकडून होणारच नाही, हेही मान्य केलं. तरी प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालायला बहुमत तयार नव्हतं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळं मत नोंदवून ते बंधन मागितलं. आयोगातला डॉक्टरच ते मागतो, हा योगायोग मला वाटत नाही. 1911 च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना 12 तासांची मर्यादा घातली. 1922 मध्ये ती 11 वर, 1934 मध्ये 10 वर, 1948 मध्ये 9 वर आली.

तास कमी झाले म्हणजे झोप वाढली, असं मात्र नाही. झोपायला जागा हवी. 1931 च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईची सुमारे तीन-चतुर्थांश वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. मुंबईतल्या कामगारांच्या घरांवर बर्नेट-हर्स्ट यांनी 1925 मध्ये लिहिलेलं पुस्तक वाचलं की उन्हाळ्यातल्या रात्रीचं चित्र उभं राहतं. गॅलरीत, जिन्यावर, फुटपाथवर वळकट्या. खोलीत पाच-सहा बाप्ये, पाळी बदलली की वळकटीचा धनी बदलणार. रातपाळीचा माणूस सकाळी आठला येऊन पडे तेव्हा खोलीत चूल, दारात नळ, गॅलरीत पोरं. 'आबा रातपाळीचे आहेत, गप बसा', हे वाक्य ऐकत आम्ही सगळे वाढलो. आमचं बोलणं अजूनही हळू आहे, असं माझी पुण्याची मावसबहीण म्हणते.

मुंबईत रातपाळी पसरत होती त्याच दशकात, 1938 च्या उन्हाळ्यात, शिकागोचे शरीरशास्त्रज्ञ नॅथॅनिअल क्लाइटमन केंटकीतल्या मॅमथ गुहेत आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर 32 दिवस राहिले. बाहेरचा उजेड नाही, तापमान स्थिर. चोवीस तासांऐवजी 28 तासांचा दिवस धरून शरीर तो मानतं का, हे त्यांना पाहायचं होतं. तरुण सहकाऱ्याच्या शरीराच्या तापमानाची लय 28 तासांशी जुळली. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांची जुळली नाही. दोघांचा प्रयोग, त्यावरून सगळ्यांसाठी नियम निघत नाही. पण आठवड्या-महिन्याला फिरणाऱ्या पाळीत तरुण कामगार तरून जातो आणि चाळिशीनंतर त्याला पाळी सोसेनाशी होते, हे गिरणीत कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शरीर बदलायला जे दिवस लागतात ते पुरे होतात न होतात तोच पाळी बदलते. मी ज्या निवृत्त कामगारांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांना 'झोप येत नाही' यापेक्षा 'झोप धड होत नाही' ही तक्रार सांगायची होती. हा फरक डॉक्टरांनाही महत्त्वाचा वाटतो. झोपायला पुरेशी संधीच न मिळणं वेगळं, आणि संधी असून झोप न लागणं वेगळं. पहिलीवर औषध देणं म्हणजे बाळगोळीच.

दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे खऱ्या निद्रानाशावर, गेल्या पन्नास वर्षांत बरंच काम झालं. 1972 मध्ये रिचर्ड बूट्झिन यांनी सुचवलं की झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये, उठावं, आणि झोप आली की परत जावं. अंथरुणाची आणि जागरणाची जोडी तोडायची. आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये त्याच्या पुढं जाऊन अंथरुणातला वेळच कमी करायची पद्धत मांडली. रात्री कितीही वाजले तरी उठायची वेळ एकच, हा या सगळ्यातला कणा. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच उपचारपद्धती वापरावी अशी शिफारस केली. ठरलेल्या वेळी उठणं! भोंग्यानं शंभर वर्षं तेच करून घेतलं. पण भोंग्याची वेळ पाळीगणिक बदलत होती, म्हणून त्यातून मिळायचा तो गुण कधी मिळाला नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, भोंगे एकेक करून बंद झाले. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पुढं वीस वर्षं एका इमारतीत रात्रीचे वॉचमन होते. रातपाळी सुटली नाहीच, फक्त साचा गेला.

मुलांच्या झोपेचा प्रश्न आपल्या सरकारपुढं पुन्हा आला तो अलीकडे. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, अशी सूचना तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये केली. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानं आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनाप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाला ती हवी असेल तर संध्याकाळी साडेसातच्या आत निजायला हवं. ज्या घरात आई-वडील आठ-नऊला घरी पोचतात, तिथं ते कसं व्हायचं?

आदेश निघाल्यावर शाळांनी अडचणी मांडल्या. एकाच इमारतीत दोन अधिवेशनं भरतात, सकाळचं पुढं ढकललं तर दुपारचं कुठं न्यायचं. बसगाड्या त्याच, त्या मोठ्या वर्गांनाही आणतात. नऊ वाजता रस्त्यावर गर्दी. आणि पालकांपैकी कित्येकांनी विचारलं की आम्ही आठला कामावर निघतो, मग नऊपर्यंत मुलाला कुणाकडे ठेवायचं?